वीतभर खाली

दिगंबर, तुझी रायफल काल माझ्या दुकानात जमा झाली. परवाना ज्याच्या नावावर तो माणूस गेला, की हत्यार पोलीस ठाण्यात नाहीतर विक्रेत्याकडे ठेवावं लागतं. हा कायदा मी काउंटरमागे उभा राहून आयुष्यभर लोकांना सांगत आलो. काल मलाच पाळावा लागला. शोभावहिनी स्वतः वरूडहून आल्या. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या माझ्या गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून मोर्णा नदीच्या पुलापासून चालत आल्या. मागे तुझा पुतण्या, खांद्यावर कव्हरातली रायफल, हातात तुझ्या उरलेल्या काडतुसांची पेटी. पावती लिहायला घेतली. तुझं नाव लिहिलं, आणि त्यापुढे 'मयत' लिहायचं होतं. तिथं माझा हात थांबला.

"लिवा ना रशीदभाऊ, काहून थांबले?" वहिनी म्हणाल्या.

लिहिलं. लिहिताना तुला मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली. अरे लेका, भांडण अर्धवट टाकून उठून जायची ही कुठली रीत?

तुझ्या तेरवीला मी आलो होतो. मांडवात माझ्या शेजारी बसलेल्या एका पाहुण्यानं हळूच विचारलं, "तसलं काही नाई ना?" हल्ली आपल्याकडे कोणीही शेतकरी गेला की लोक आधी हेच विचारतात. दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावात कोणाच्या तरी घरी बसायला जावं लागतं, अशी ही वर्षं. मी त्याच्यावर जवळजवळ खेकसलोच. "छातीत कळ आली अन् गेला. बागेत संत्री तोडून राहिला होता."  मग मलाच वाईट वाटलं. त्यानं काय वावगं विचारलं होतं?

पण खरं सांगू? मलाही एक गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारायला तूच राहिला नाहीस. त्या दिवशी गिरजाबाईच्या वावरात तू गोळी का झाडली नाहीस? पिकात शिरणाऱ्या रोह्यांचा कळप समोर उभा होता, सरकारी परवानगी खिशात होती, सगळं गाव धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून बघत होतं. तू काडतूस काढून खिशात टाकलंस आणि उठलास. मी तुला डरपोक म्हणालो. तू नुसतं "असन" म्हणालास. हे 'असन', म्हणजे 'असेन', तेव्हापासून माझा पिच्छा सोडत नाही.

आपली ओळख भांडणानंच झाली, हे तुला आठवत असेल. अमरावतीत परदेशी काडतुसं मिळाली नाहीत, म्हणून तू अकोल्याला आलास. मी एक पेटी विकली, तू निमूट घेऊन गेलास. काही दिवसांनी उरलेली पेटी घेऊन परत आलास, ती काउंटरवर आपटलीस आणि पेटीवरच्या एका आकड्यावर बोट ठेवलंस.

"हा आकडा कोनं काढला?"

"कंपनीनं."

"कुठी?"

"कंपनीच्या गावी. मला काय माहीत?"

"मंग विकतं कायले?"

मी विचार केला, हा माणूस पैसे परत मागणार. तू मागितले नाहीस. तुला त्या आकड्याची मुळाशी जाऊन चौकशी करायची होती. इतकं चिडलेलं आणि तरी पैसे न मागणारं गिऱ्हाईक मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी बायकोला, शमीमला, आतून चहा पाठवायला सांगितलं. तो चहा तू उभ्यानं प्यायलास.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचा बंदुकीशी संबंध नाही, त्यांच्यासाठी सांगतो. तू म्हणशील, मिया, तू कायले सांगतं, पण सांगतो. गोळी हवा कापत किती नेटानं जाते, याचा एक आकडा असतो. त्याला बॅलिस्टिक कोएफिशंट म्हणतात. आकडा जितका मोठा, तितकी गोळी हवेला कमी बधते आणि लांबवर जाताना कमी खाली पडते. कंपनी तो पेटीवर छापते आणि सोबत एक तक्ता देते. शंभर मीटरवर नेम जुळवलेला असेल तर दोनशेवर गोळी इतकी खाली बसेल, चारशेवर इतकी. आपण तेवढं वर धरायचं. छापलेला आकडा खरा असेल तर गोळी जिथं पाहिजे तिथं बसते. नसेल तर खाली बसते.

तू त्या आकड्याचं बारसं केलंस: हमीभाव. मला आधी कळेना, गोळीला कसला हमीभाव? तू समजावलंस, "सरकार जाहीर करते थो हमीभाव. जिनिंगवर कापसाची गाडी लावली का मंग हे ओलं हाय, हे कवडी हाय, डागी हाय, म्हनून वजनात कापून घेतात. थे कट्टी. तुया पेटीवर हमीभाव छापला हाय. कट्टी किती हाय, थे कोन सांगन?"

त्या दिवसापासून आपल्या दोघांत तो शब्द रुळला. आज कट्टी किती? वारा आहे, कट्टी वाढन. माझ्या दुकानात बसलेले लोक बघतच राहायचे, हे बंदुकीचं बोलतात की कापसाचं.

पातूरच्या पुढं टेकडीच्या पोटाशी, पोलिसांची परवानगी काढून आपण जागा केली. मागं टेकडी, पुढं मोकळं माळरान, माणूस नाही की गुरंढोरं नाहीत. बारदान ताणलेली चौकट आणि तिच्यावर कागद. तू वरूडहून जीप घेऊन यायचास, मला अकोल्यातून उचलायचास. जुम्मा असेल तर मशिदीबाहेर जीप लावून खारे दाणे खात बसायचास. एकदा आमचे मौलवीसाब मला म्हणाले, तुमचा दोस्त आतल्या लोकांपेक्षा वेळेवर येतो.

दोनशे मीटरपर्यंत कागद आणि तक्ता जुळायचे. तीनशेवर तीन बोटं खाली. चारशेवर वीतभर. मोजायला टेप होता, पण तू आधी वीत लावायचास. मी म्हणायचो, तुझा पंजा फावड्याएवढा, तुझी वीत धरली तर माझं नुकसान. "मंग तुयी लाव," तू म्हणायचास. माझी लावली तरी गोळी काही वर यायची नाही.

तेव्हापासून आपला वाद पेटला. मी म्हणालो, गोळीचा दोष नाही. तुझी रायफल तुझ्या वडिलांच्या काळातली, नळीतले आटे झिजलेत. गोळी नळीतून डुलत निघते, मग हवा तिला जास्त धरते. नव्या नळीतून हीच गोळी तक्त्याप्रमाणे बसेल. तू म्हणालास, पेटीवरचा आकडा गोळी नुकती सुटली तेव्हाच्या वेगाचा आहे. गोळी पुढं मंदावते, तसा तो आकडाही घटतो. कंपनीनं सगळ्यात चांगला तेवढा छापला.

"बियान्याच्या थैलीवर बोंडाचं चित्र पाह्यलं का?" तू विचारलंस. "तसं बोंड एखांद्या झाडाले येतेच. खोटं नाई. पन समदं वावर तसं येत नाई ना रे."

मी चिडायचो. मी त्या पेट्या विकत होतो, दिगंबर. खोटं विकणारा म्हणून कोणी बोट दाखवलं नव्हतं मला तोवर. माझ्या अब्बांनी बसवलेलं दुकान. गिऱ्हाइकाशी दगाबाजी आमच्यात हराम. तू हसायचास, "तुले कोन खोटा म्हनते? मी आकड्याले म्हनून राहिलो." पण मला ते लागायचं.

मग एका मे महिन्यात आपण गेलो. अकोल्याचं ऊन, विचारायलाच नको. रायफलच्या पोलादाला हात लागला की चटका. आणि त्या दिवशी चारशे मीटरवर गोळी तक्त्याच्या अगदी जवळ बसली! हवा तापून विरळ झालेली, काडतुसातली दारू गरम. मी नाचलोच. "पाह्य! आली ना कंपनी खरी!"

तू रुमालानं मान पुसली. "मे मयन्यात वावरात काय असते, मिया? ढेकळं. ढेकळं राखाले बंदूक पायजे का?"

 तूर, हरभरा वावरात उभे असतात ते थंडीत. रोही येतात ते थंडीत. आणि थंडीत हवा जड, गोळी वीतभर खाली. ऐन गरजेच्या महिन्यात कट्टी. तरी मी नळीचा मुद्दा सोडला नाही. माझ्याकडे त्या मापाची रायफल नव्हती, म्हणून सोक्षमोक्ष लागत नव्हता.

हां, एक झालं. तुझ्याशी वाद घालून घालून मला गिऱ्हाइकांना सांगायची सवय लागली. परवानगी घेऊन कोणी काडतुसं न्यायला आला की मी सांगायचो, बाबा, हा तक्ता दोनशेपर्यंत धर. त्यापुढं आधी कागदावर मारून बघ. थंडीत तर बघच. सुरुवातीला मी हे दुकानाची अब्रू राखायला सांगायचो, उद्या कोणी म्हणू नये की रशीदनं सांगितलं नाही. लोक वैतागायचे. एक जण म्हणाला, चाचा, तुम्ही माल विकता का शाळा घेता? पण ऐकून जायचे. यामुळं किती जनावरं तडफडायची वाचली, ते खुदाला माहीत. याचं पुण्य तुझं. माझ्याकडे नुसती बडबड होती.

आता गिरजाबाईचं वावर. तुमच्याच तालुक्यात, नाल्याकाठी. बाईचा नवरा कधीच गेलेला, हरभरा तिनं आणि तिच्या सुनेनं उभा केलेला. रोही म्हणजे, पुण्या-मुंबईचे लोक ज्याला नीलगाय म्हणतात ते घोड्याएवढं जनावर. पाच-सहा आले तरी सकाळपर्यंत धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत सफाया. कुंपण केलं, बुजगावणी केली, काही उपयोग नाही. वनखात्यानं परवानगी दिली, गावानं तुला बोलावलं. मी पाहुणा म्हणून आलो होतो, गळ्यात दुर्बीण.

ऊन कोवळं होतं. कळप नाल्यापलीकडं, मागं उतार, म्हणजे गोळी चुकली तरी मातीत जाणार. अंतर तू आधीच मोजून ठेवलं होतं, चारशे. त्याहून जवळ गेलं की ते पळायचे. एक मोठा नर आडवा उभा होता, जसा कागदच. तू बांधावर आडवा झालास, गाल दस्त्याला टेकवलास.

"भाऊ, आता नाई त कवा?" गिरजाबाई मागून कुजबुजल्या.

मी दुर्बीण खाली घेऊन तुझ्याकडे पाहिलं. तुझं बोट घोड्यापर्यंत गेलंच नाही. कितीतरी वेळ तू तसाच पडून राहिलास. मग बोल्ट मागं ओढलास, काडतूस काढलंस. "नाई जमत."

"बंदूक पूजेले आनली का हो?" कोणीतरी म्हणालं, आणि पोरंटोरं हसली. गिरजाबाई हसल्या नाहीत. त्यांनी एक ढेकूळ उचललं आणि नाल्याकडे भिरकावलं. रोही चार पावलं बाजूला झाले आणि पुन्हा खाली मान घालून खाऊ लागले. त्या बाईचा चेहरा मला अजून दिसतो, दिगंबर. म्हणून मी जीपमध्ये तुझ्यावर तुटून पडलो.

"वीतभर पडते, हे माहीत आहे ना तुला? वीतभर जास्त वर धर आणि मार. इतकी वर्षं पातूरला काय आपण झक मारली?"

"थे वीत पातूरची होती. आजच्या हवेची कट्टी कोनं पाह्यली?"

"मग कशाला आलास? तू डरपोक आहेस."

"असन."

नंतर कळलं की हरभरा घरी येईपर्यंत तू रोज पहाटे गिरजाबाईच्या धुऱ्यावर जाऊन बसलास आणि तुपाचा रिकामा डबा बडवत राहिलास. वरूडचा बागाईतदार, दुसऱ्याच्या वावरात डबा वाजवतोय! लोकांनी नावं ठेवली. मला वाटलं, शरमेनं करतोयस. फोनवर मी विषय काढला की तू संत्र्याच्या बहाराचं बोलायचास. गेल्या पावसाळ्यात माझा परवाना झाला, तुझ्याच मापाची कोरी रायफल आली, तेव्हा मात्र तू खुश झालास. "या थंडीत आन. एकाच पेटीतलं काडतूस, तुयी नळी अन् मायी नळी. मंग पाहू." थंडी आली. तू नाही आलास.

तर काल पावती झाली, रायफल तिजोरीत गेली, आणि शमीमनं वहिनींना आत नेऊन चहा दिला. निघताना मला राहवलं नाही. विचारलं, "वयनी, गिरजाबाईच्या वावरात त्यानं गोळी काहून नाई झाडली?"

वहिनींनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "तुमाले नाई सांगतलं त्यायनं? इतके वर्स संगं होते तुमी!"

आणि मग त्यांनी सांगितलं. पहिली पेटी. माझ्या दुकानातली. तुमचाच हरभरा, तुमच्याच बागेला लागून. रोही लांब उभा, तू तक्ता वाचलास, तक्त्यात होतं तेवढंच वर धरलंस आणि झाडलीस. गोळी वीतभर खाली बसली. पुढचा पाय गुडघ्यातून लोंबला. ते जनावर तीन पायांवर जंगलाकडे पळालं आणि तू मागोमाग. संध्याकाळपर्यंत रक्ताच्या थेंबांवर चाललास, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलास. ओरडणं ऐकू यायचं म्हणे, पण सापडलं नाही. घरी आल्यावर जेवला नाहीस. तिसऱ्या दिवशी अंघोळ करून सरळ अकोल्याची गाडी धरलीस.

"त्या वर्साचा हरभरा आमी घरात नाई ठेवला," वहिनी म्हणाल्या. "वाटून टाकला समदा. तवापासून त्यायनं जनावरावर बंदूक धरली नाई. गिरजाबाईसाठी गेलते, पन हात झाला नाई."

म्हणजे तू त्या दिवशी माझ्या काउंटरवर पेटी आपटलीस ते हे होतं. आणि मी तुला गिऱ्हाईक समजलो.

"मले काहून नाई सांगतलं त्यानं?" मी वहिनींना विचारलं. आवाज चढला असेल माझा, शमीम दारात आली.

"मी म्हनलं होतं, रशीदभाऊले सांगा. त म्हने, सांगतलं त तो माफी मागन. माफी घेऊन मी काय करू? मले आकडा पायजे."

वहिनी गेल्या. मी शटर अर्धं ओढलं आणि आत बसून रडलो. या वयात, दुकानात. मग तुझा भयंकर राग आला. अरे, मला माफी मागायची होती! तो माझा हक्क होता. माझ्याच पेटीतली गोळी, आणि त्याचा सल तू एकट्यानं वागवलास. डरपोक म्हणालो तेव्हा तरी थोबाडीत द्यायची होतीस. वर माझ्यासाठी मशिदीबाहेर दाणे खात बसायचास! असा माणूस असतो का रे कुठे? मला आयुष्यात दुसरा भेटला नाही आणि आता भेटणारही नाही.

रात्रभर झोप नव्हतीच. आज फजरची नमाज पढून मी निघालो. पातूरला पोचलो तेव्हा गवतावर दव होतं, तोंडातून वाफ निघत होती. चौकट मीच ओढत नेली, कागद मीच लावला. एकट्यानं चारशे मीटर जाऊन येईपर्यंत गुडघे बोलायला लागले. माझी रायफल, तुझ्या राहिलेल्या पेटीतली काडतुसं. शंभरवर आधी नेम जुळवला, मग चारशेवर आलो, तक्त्यात आहे तेवढंच वर धरलं. श्वास धरून, घाई न करता, पाच गोळ्या मारल्या. पाचही एका जागी, मुठीएवढ्या घेरात. नळीत दोष नाही. चालत कागदाजवळ गेलो आणि तिथं उभा राहून तुला मोठ्यानं हाक मारली. टेकडीवरचे दोन-चार तितर उडाले.

तुला नको होती ना, म्हणून माफी मागत नाही, दिगंबर. आकडा घे. कोरी नळी, तीच पेटी, थंडीची सकाळ, वारा नाही, चारशे मीटर. वीतभर खाली.